बालीत घर भाड्याने घेणं इतकं महाग का? इंदूरहून येणारे नेहमीचे प्रश्न

नवऱ्याच्या कामामुळे 2023-24 मध्ये आम्ही सोळा महिने बालीत होतो. पहिले चार महिने चांग्गूत, मग वर्षभर सानूरला. इंदूरच्या रामबागेत परत आलो तेव्हापासून फोन येतायत. कुणाच्या मुलाला घरून करायचं काम मिळालंय आणि ते 'घर' त्याला बालीत हवंय, कुणाला निवृत्तीनंतर तीन महिने समुद्राकाठी काढायचेत. भाड्याचा आकडा ऐकला की सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते. प्रश्न आले तसेच ठेवलेत, विचारणाऱ्यांची नावं तेवढी काढलीत. उत्तर आधी येऊन गेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

1. ताई, मुलगा म्हणतो महिन्याचं भाडं एक कोटी ऐंशी लाख. त्याला कोणी फसवतंय का?

नाही, आकडा बरोबर आहे, पण तो इंडोनेशियाच्या रुपियात आहे. आम्ही होतो तेव्हा आपल्या एका रुपयाला साधारण 190 रुपिया मिळत. तिथे दहा लाखाला 'जुता' म्हणतात आणि भाडी जुतातच सांगतात. आमचं चांग्गूचं घर अठरा जुताचं होतं. हे फोनवर सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "अठरा जूते? अगं पण तुझं चुकलं काय?"

सोपा हिशेब म्हणजे एका जुताचे सव्वापाच हजार रुपये धरायचे. अठरा जुता म्हणजे साधारण 95 हजार. तेवढ्यात आम्हाला एक बेडरूम, तीन बाजूंनी उघडं स्वयंपाकघर आणि दोन चादरींखाली झाकला जाईल एवढा हौद मिळाला होता. त्या हौदाला जाहिरातीत 'प्रायव्हेट पूल' म्हटलेलं होतं.

2. पण बाली स्वस्त म्हणतात ना? जेवण तर आपल्याच भावात मिळतं. मग घरच महाग का?

जेवण स्वस्त आहे हे खरं. वारुंग म्हणजे तिथली साधी खानावळ. तिथे भात, भाजी, टोफू आणि तिखट सांबाल चटणी आम्हाला दीडशे रुपयांच्या आत मिळायचं. ते जेवण तिथलाच माणूस शिजवतो आणि बहुतेक वेळा तिथलाच माणूस खातो, त्यामुळे भाव त्याला परवडेल असाच राहतो. घराचं तसं नाही. त्याच खोलीला दोन गिऱ्हाइकं आहेत. एक महिन्याने पैसे देणारं, म्हणजे तुम्ही, आणि दुसरं रात्रीच्या दराने देणारं. भाडं ठरतं त्या दुसऱ्या गिऱ्हाइकावर.

आमच्याच घराचा हिशेब सांगते. शेजारचं तंतोतंत तसंच घर पर्यटकांना रात्रीच्या बारा लाख रुपियाला जायचं, म्हणजे आपले सहा हजारांच्या वर. महिन्यात वीस रात्री भरल्या तरी चोवीस जुता होतात. त्यातून बुकिंगच्या ॲपचं कमिशन, रोजची झाडलोट, चादरी धुणं, हौदाची साफसफाई आणि वीज मिळून चौथा हिस्सा वजा करा. उरले अठरा जुता. आमचं भाडं तेवढंच होतं. मालकाने ते हवेतून काढलेलं नव्हतं. आम्हाला घर दिल्याने त्याचं जे नुकसान झालं असतं, तेच त्याने आमच्याकडून भरून घेतलं.

हे समजायला बालीला जायची गरज नाही. माझ्या मामेबहिणीचं सासर उज्जैनला, महाकाळच्या मागच्या गल्लीत. 11 ऑक्टोबर 2022 ला महाकाल लोकचं, म्हणजे मंदिरालगतच्या नव्या परिसराचं, उद्घाटन झालं आणि वर्षाच्या आत त्यांच्या वरच्या मजल्यावरचा बँकेतला भाडेकरू गेला. तीन खोल्यांच्या दारांवर पितळी आकडे लागले, जिन्यात चपलांचा रॅक आला. श्रावणी सोमवारच्या दोन रात्रींत एक खोली आधीच्या महिन्याच्या भाड्याच्या जवळपास जाते. तो भाडेकरू आता नानाखेड्याच्या पुढे राहतो आणि पूर्वीपेक्षा जास्तच देतो. बालीत हेच घडलंय, फक्त तिथे बाराही महिने श्रावण असतो. परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियाचे लोक पहिले आणि अलीकडे दुसऱ्या क्रमांकावर आपणच आहोत. तेव्हा भाडं वाढवणाऱ्यांना नावं ठेवताना जरा जपून.

3. कोविडच्या वेळी तिथे घरं मातीमोल भावात मिळत होती म्हणे. ते दिवस परत येतील का?

मिळत होती. 2019 मध्ये बालीत सुमारे 63 लाख परदेशी पर्यटक आले होते. 2021 च्या पूर्ण वर्षात सरकारी नोंदीत आले 51. लाख नव्हे, हजार नव्हे, 51 माणसं. रात्रीचं गिऱ्हाईक नाहीसं झालं आणि तीच घरं, तोच समुद्र, तीच भातशेती असताना भाडी कोसळली. भाडं निसर्गरम्यतेचं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं वर्ष आठवावं.

मग 2022 मध्ये बेट उघडलं आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं. रशिया आणि युक्रेन दोन्हीकडची बरीच तरुण मंडळी बालीत आली आणि आठवड्यासाठी नव्हे, महिनोन्‌महिने राहायच्या तयारीने आली. कुरबुरी एवढ्या वाढल्या की मार्च 2023 मध्ये बालीच्या गव्हर्नरांनी रशिया आणि युक्रेनच्या नागरिकांना विमानतळावरचा व्हिसा बंद करा अशी मागणी केली. 2024 मध्ये परदेशी पर्यटकांचा आकडा पुन्हा 63 लाखांवर गेला. पुढचं भविष्य मी सांगत नाही, पण 2021 च्या भावाची वाट बघत बसू नका.

4. बेट आहे, जागा कमी, म्हणून महाग. एवढं साधं नाही का ते?

अर्धं खरं. बालीचं क्षेत्रफळ सुमारे 5,780 चौरस किलोमीटर, म्हणजे आपले दीड इंदूर जिल्हे. 2020 च्या जनगणनेत वस्ती 43 लाख. बेट काही चिमुकलं नाही. पण मधोमध ज्वालामुखीचे डोंगर आहेत, त्यातला आगुंग 3,031 मीटर उंच आणि जागृत आहे. पश्चिमेला जंगल. विमानतळ दक्षिणेच्या चिंचोळ्या भागात आणि पर्यटकांना विमानतळापासून तासाभरातच सगळं हवं असतं. त्यामुळे गर्दी कुटा, सेमिन्याक, चांग्गू, उलुवाटू आणि वर उबुद एवढ्यातच.

मग उंच इमारती का बांधत नाहीत? नियम आहे. 1970 च्या दशकापासून 15 मीटरच्या वर बांधकाम करू देत नाहीत. लोक त्याला नारळाच्या झाडाचा नियम म्हणतात, नारळापेक्षा घर उंच नको. आपल्या इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याला मनोऱ्यांवर मनोरे उठतायत, तसं तिथे होत नाही. मागणी वाढली की घरं आडवी पसरतात आणि आडवं पसरायचं तर भातशेतीत.

भातशेतीचं पाणी 'सुबाक' नावाच्या जुन्या सहकारी व्यवस्थेने वाटलं जातं. वरच्या शेताकडून खालच्या शेताकडे, देवळाच्या देखरेखीखाली. 2012 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. आता मधल्या एका शेतकऱ्याने जमीन व्हिलासाठी दिली की पाट तुटतो, खालचं शेत कोरडं पडतं आणि तोही मग व्हिलाच बांधू देतो. आमच्या चांग्गूच्या खिडकीतून भातशेत दिसायचं. संध्याकाळी बदकं ओळीने बाहेर यायची. तिसऱ्या महिन्यात कडेने निळे पत्रे उभे राहिले, बदकं गेली, सकाळी सातला दगड कापायचं यंत्र सुरू व्हायला लागलं. जाहिरातीतलं 'राइस फील्ड व्ह्यू' मात्र आम्ही सोडलं त्या दिवसापर्यंत तसंच होतं.

5. परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही असं ऐकलं. मग भाव उतरायला हवेत ना?

तर्क बरोबर, परिणाम उलटा. 1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, ज्याला 'हाक मिलिक' म्हणतात, ती फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणूस मग जमीन लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतो. बहुतेक 25 ते 30 वर्षं आणि पैसे एकरकमी, आगाऊ. मोजमाप 'आर'मध्ये. सातबाऱ्यावर असतो तोच आर, 100 चौरस मीटर.

आता त्याच्या जागी बसून बघा. पट्टा 25 वर्षांचा, बांधकामात दोन वर्षं गेली, शेवटची चार-पाच वर्षं नवा गिऱ्हाईक हात लावणार नाही. म्हणजे घातलेला सगळा पैसा अठरा-एक वर्षांत वसूल करायचाय आणि शेवटी हातात घर राहणार नाही, ते जमिनीसकट मूळ मालकाकडे जाणार. इंदुरात बाबा वरचा मजला चौदा हजारांत देतात, कारण घर त्यांचंच राहणार आहे आणि भाव वाढतोच आहे. भाडेपट्टेवाल्याला ती चैन नाही. दर महिन्याला घड्याळ त्याच्या भांडवलातून एक तुकडा कापून नेतं आणि तो तुकडा तुमच्या भाड्यात येतो.

काही जण स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन मागून आपण मालक होतात. ते बेकायदा आहे आणि बुडाले तर तक्रार कुठे करणार? तुमच्यावर या भाडेपट्ट्यांचा काय परिणाम होतो ते प्रश्न 13 मध्ये आहे.

6. वर्षभराचं भाडं एकदम मागतात. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करून महिन्याला देतात. असं का?

आपले अकरा महिने आले ते नोंदणी चुकवण्यासाठी. 1908 च्या कायद्यात वर्षावारी किंवा वर्षाहून लांब पट्ट्याची नोंदणी करावी लागते, म्हणून बारावा महिना आपण गाळतो. इंडोनेशियात घर 'कोंत्राक'वर देतात, म्हणजे वर्षाच्या कराराने, आणि पूर्ण वर्षाचे पैसे किल्ली देतानाच. परदेशी माणसासाठी मुद्दाम काढलेली ती रीत नाही. जावातल्या शिक्षकालाही तसंच घर मिळतं.

मालकाला एकरकमी रक्कम उपयोगी पडते. आमच्या सानूरच्या मालकांनी आमच्या वर्षाच्या पैशातून घरातल्या लांबलेल्या अंत्यविधीचा समारंभ उरकला. बालीत तो खर्च मोठा असतो, कधी कधी कुटुंबं त्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात. त्यांनीच सांगितलं आणि बोलावलंही.

तुमच्या दृष्टीने सार असं की रात्रीचा दर सर्वांत महाग, त्याखाली महिन्याचा, त्याखाली वर्षाचा. सानूरला आम्ही वर्षाचे 85 जुता एकदम दिले, महिन्याला सात जुता पडले. चांग्गूच्या निम्म्याहून कमी आणि घर मोठं. ज्याच्या गाठीला साडेचार लाख रोख आहेत त्याला घर स्वस्त पडतं, ज्याला महिन्याच्या पगारातून द्यायचंय त्याला महाग. हे मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

7. भाड्याखेरीज आणखी काय काय द्यावं लागतं?

वीज सगळ्यांत आधी. बहुतेक घरांना आगाऊ पैसे भरायचा मीटर असतो. दुकानातून किंवा फोनवरून 'टोकन' घ्यायचं, वीस आकडे येतात, ते मीटरच्या बटणांवर दाबायचे. युनिट संपत आले की मीटर टूं-टूं करायला लागतो. आमचा नेमका रात्री दोनला करायचा, आणि मीटर बाहेर फाटकापाशी. नवरा टॉर्च तोंडात धरून वीस आकडे दाबतोय आणि सतराव्याला चुकतोय, हा आमच्या बालीतल्या संसाराचा कायमचा फोटो. एसी चालू ठेवलात तर वीज भाड्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतही जाते, विशेषतः भिंती नसलेल्या त्या सुंदर बैठकीच्या घरांत.

पिण्याचं पाणी 19 लिटरच्या जारने येतं, नळाचं पीत नाहीत. वस्तीच्या पंचायतीला 'बंजार' म्हणतात, तिची वर्गणी असते. वर्गणी मुकाट्याने द्या. गल्लीतला कचरा, रखवाली आणि भांडण मिटवणं सगळं बंजारच बघते. भाड्याच्या उत्पन्नावर 10 टक्के कर आहे. तो मालकाचा, पण करारात तो हळूच तुमच्याकडे सरकवलेला असतो. 'किंमत करासह की कराशिवाय' हे लिहून घ्या. शिवाय स्कूटर. बस नावापुरत्या आहेत, स्वस्त घर लांब असतं आणि लांबचं घर स्कूटरशिवाय जमत नाही.

8. एवढी भाडी स्थानिक लोक कशी देतात?

देत नाहीत, देऊच शकत नाहीत. प्रांताचं किमान वेतन 2025 साठी महिन्याला सुमारे 30 लाख रुपिया ठरलं, म्हणजे आपले सोळा हजारांच्या आसपास. आमचं चांग्गूचं घर म्हणजे असे सहा पगार.

ज्या बाली कुटुंबांची स्वतःची जागा आहे ती आपल्या जुन्या वाड्यासारखी एका आवारात राहतात, तीन पिढ्या, वेगवेगळ्या खोल्या, कोपऱ्यात देवघर. त्यांचा प्रश्न पुढच्या पिढीचा असतो. आवार वाढत नाही आणि लगतची जमीन भावांपैकी कुणीतरी पट्ट्याने दिलेली असते.

बाकीचे 'कोस'मध्ये राहतात. ओळीने खोल्या, प्रत्येकीला एक दार, एक खिडकी, मागे न्हाणीघर. आमच्याकडे काम करणाऱ्या बाई पूर्व जावाच्या. चांग्गूपासून पाऊण तासावर, डेनपसारच्या कडेला बहिणीबरोबर एका कोसमध्ये राहायच्या. दीड जुतात दोघी. पूर्वी त्यांचं कोस आमच्या गल्लीच्या टोकाला होतं. मालकाने ते पाडून तिथे चार व्हिला केले, त्यातल्या एकात त्या रोज झाडायला येत. हे मला त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. "ती माझी खिडकी," म्हणून बोट दाखवलं, एवढंच.

9. मग कुठे घ्यावं? चांग्गू सोडून काही सुचवाल?

मुलं चांग्गूच म्हणतील, कारण कॅफे, जिम आणि लॅपटॉपवाली मंडळी तिथे आहेत. तुम्ही सानूर बघा. समुद्र शांत, लांबच लांब पायवाट, बऱ्या दवाखान्यांना जवळ. आई-बाबा येणार असतील तर दुसरा विचारच करू नका. डेनपसार शहर तर बहुतेक परदेशी लोक बघतही नाहीत, आणि तिथेच माणसाच्या भावात घर मिळतं, अर्थात भातशेत आणि हौद सोडून. उबुदला गावाबाहेर पंधरा-वीस मिनिटं गेलात की भाव उतरतो आणि ओल वाढते. चामड्याच्या चपलांना बुरशी लागते. उत्तरेला सिंगाराजा किंवा पूर्वेला आमेद अजून स्वस्त, पण विमानतळ अडीच-तीन तासांवर.

10. घर शोधायला कोणता महिना चांगला?

फेब्रुवारी-मार्च किंवा नोव्हेंबर. जुलै-ऑगस्ट आणि नाताळच्या आसपास शोधायलाच जाऊ नका, तेव्हा मालकाला तुमच्याशी बोलायलाही वेळ नसतो.

11. तीस दिवसांचा व्हिसा असताना वर्षाचं घर घेता येतं का?

करार करता येतो, राहता येत नाही. भारतीयांना विमानतळावर 5 लाख रुपियात 30 दिवसांचा व्हिसा मिळतो आणि एकदा आणखी 30 दिवस वाढतो. म्हणजे साठ दिवस, त्यावर काम करायला परवानगी नाही. परदेशी कंपनीसाठी दुरून काम करणाऱ्यांना वर्षाचा वेगळा व्हिसा आहे, त्याला वर्षाला 60,000 अमेरिकी डॉलरचं उत्पन्न दाखवावं लागतं. आमच्याकडे नवऱ्याच्या नोकरीचा राहण्याचा परवाना होता. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात. आधी व्हिसा हातात घ्या, मग वर्षाचं भाडं.

महाग महिनेवारी घरांचं एक मोठं गिऱ्हाईक हेच साठ दिवसवाले आहेत. त्यांना वर्षाचं घर घेता येत नाही, आणि मालकांना ते ठाऊक असतं.

12. फोटो पाहून घर पसंत केलंय. एजंट म्हणतो अर्धे पैसे आजच पाठवा, नाहीतर जाईल. पाठवू का?

नका. पहिल्या आठवड्यासाठी साधं गेस्ट हाउस घ्या, स्कूटरवर फिरा, दारांवरच्या पाट्या वाचा. 'दिकोंत्राकान' लिहिलं असेल तर घर भाड्याने आहे. सर्वांत चांगली घरं ॲपवर येतच नाहीत.

घर बघायला सकाळी एकदा आणि रात्री एकदा जा. शेजारी बांधकाम आहे का, कोंबडे किती, जवळ बीच क्लब आहे का. नळ उघडा, वास घ्या. दक्षिणेत उपसा फार झालाय, काही ठिकाणी विहिरीला खारं पाणी येतं.

अनामत रकमेबद्दल माझा अनुभव वाईट आहे. चांग्गूच्या घराची दहा जुता अनामत होती. सोडताना मधल्या माणसाने हौदाची एक टाइल, एक उशी आणि 'भिंतीवर तेलाचा वास' असं मिळून सात जुता कापले. तेलाचा वास म्हणजे माझी फोडणी. आम्ही आलो त्या दिवशीचे फोटो काढलेले नव्हते, त्यामुळे भांडायला तोंडाखेरीज काही नव्हतं. तुम्ही काढा, उशांचेसुद्धा.

13. वर्षाचे पैसे भरले आणि मधेच मालकाने घर विकलं तर?

विकलं तर तुमचा करार टिकतो. इंडोनेशियाच्या दिवाणी कायद्याच्या कलम 1576 मध्ये तसं स्पष्ट आहे, विक्रीने भाडेकरार मोडत नाही. अर्थात करार लेखी हवा.

अडचण येते वेगळ्याच जागी. तुम्हाला किल्ली देणारा बहुतेक वेळा मालक नसतो, प्रश्न 5 मधला भाडेपट्टेवाला असतो, किंवा त्याने ज्याला दिलं त्याने पुढे ज्याला दिलं तो. त्याचाच पट्टा आठ महिन्यांनी संपणार असेल तर तुमच्या बारा महिन्यांच्या कराराला अर्थ नाही. म्हणून मूळ मालकाच्या सर्टिफिकेटची आणि मधल्या पट्ट्याची प्रत मागा, तारखा जुळवा. मोठी रक्कम असेल तर नोटरीकडे जा. तिथला नोटरी आपल्या कोर्टाबाहेर शिक्का मारणाऱ्यासारखा नसतो, कागद तपासून करार तयार करणारा अधिकारी असतो.

जमीन नकाशावर कोणत्या भागात येते हेही विचारा. हिरव्या भागात घर बांधायला मनाई आहे, तरी बांधलेली आहेत. आणि पाडलीही जातात. जुलै 2025 मध्ये बिंगिन किनाऱ्यावरची चाळीसहून जास्त बांधकामं सरकारी जमिनीवर आहेत म्हणून हातोडे घालून पाडली.

14. आपण वर्षाच्या भावाने घ्यायचं आणि रात्रीच्या भावाने पर्यटकांना द्यायचं. जमेल?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त इंदूरहूनच येतो, सराफ्याचं पाणी आहे आपल्या अंगात. प्रवासी व्हिसावर असा धंदा करता येत नाही. घरगुती पाहुणघराला 'पोंडोक विसाता'चा परवाना लागतो आणि तो तिथल्या नागरिकांसाठी आहे. पकडलं तर देशाबाहेर काढतात.

15. बालीचं सोडा. मॉरिशस, हवाई, अंदमान, सगळीकडे असंच आहे का?

रात्रीचं गिऱ्हाईक सगळीकडे आहे. त्याच्या जोडीला प्रत्येक बेटाचं आपलं एक दुखणं असतं.

मॉरिशसला आपली मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेली, आजही तिथे मराठी मंडळं आणि गणेशोत्सव आहे, त्यामुळे प्रश्न नेहमी येतो. तिथे भरतीच्या रेषेपासून सुमारे 81 मीटरची किनारपट्टी सरकारी आहे आणि बंगल्यांना पट्ट्याने दिलेली. म्हणजे समुद्राकाठची घरं मोजकीच आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच हातांत. त्यात परदेशी माणसाने ठरलेल्या प्रकल्पात पावणेचार लाख डॉलरचं घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळतो. बिल्डर मग तसलीच घरं बांधतात. भाड्याने घ्यायचं तर किनाऱ्यापासून वर, कात्र बोर्न, रोझ हिलकडे बघा.

हवाईला सिमेंटपासून सोफ्यापर्यंत सगळं जहाजाने येतं. 1920 च्या जोन्स ॲक्टप्रमाणे अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्याला माल न्यायचा तर जहाज अमेरिकेतच बांधलेलं लागतं, ती थोडी आणि महाग. ऑगस्ट 2023 मध्ये माऊईवर लहायना गाव जळालं, दोन हजारांवर इमारती गेल्या, आणि उरलेल्या घरांवर बेघर झालेली कुटुंबं आणि पर्यटक एकदमच आले.

अंदमानात ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली आहे, त्यातला मोठा भाग आदिवासींसाठी राखीव. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या किनाऱ्यांवरचा वाळूउपसा आणि झाडतोड आवरायचा आदेश दिला, तो योग्यच होता. पण त्यामुळे बांधकामाचा माल चेन्नई-कोलकात्याहून हजार-बाराशे किलोमीटर समुद्र ओलांडून येतो. बालीला हा त्रास कमी, जावाचा किनारा समोर दिसतो आणि गिलिमानुकला ट्रक फेरीतून उतरत असतात.

16. वर्षाचं भाडं देऊनही एक दिवस घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, हे खरं?

खरं, निएपीला. बालीच्या लोकांचं शक संवत्सर तेव्हा सुरू होतं. तोच आपला शक, 2025 मध्ये त्यांचाही 1947 लागला आणि आपलाही, त्यांचा 29 मार्चला, आपला पाडवा 30 ला. अधिक मासाच्या हिशेबाने कधी महिन्याचा फरक पडतो. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळपर्यंत दिवे नाहीत, गाड्या नाहीत, विमानतळसुद्धा बंद. बंजारची माणसं गस्त घालतात. मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. मीटरचं टोकन आदल्या दिवशी भरून ठेवा.

17. विजय नगरचा आमचा टू बीएचके किरायाने दिला तर त्यात बालीचं भागेल का?

वीस हजार येतील असं धरू. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स गेला. उरलेल्यात सानूरला आमच्या वीज, पाणी, बंजार, स्कूटर आणि नेटचं भागायचं, घराचं नाही. डेनपसारला साधी, स्वच्छ, हौद नसलेली खोली घेतलीत तर भागेलही. आमच्या कामवाल्या बाईंच्या ओळीत एक खोली रिकामी होती, शेवटच्या महिन्यात त्यांनी मला ती दाखवलीही होती. खिडकी पूर्वेला, बाहेर चाफ्याचं झाड, ओट्यावर दोन शेगड्या मावतील एवढी जागा.